दातांतला दख्खन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रेजायना शहरातल्या पडताळणी केंद्रात दंतवाचक यंत्राने शमसा सालेमचा निकाल दिला. भिंतीवरच्या पडद्यावर जगाचा नकाशा होता. एडनच्या आखाताचा दक्षिण किनारा राखाडीच राहिला. तिथल्या निर्वासित छावणीत आपण जन्मलो आणि वाढलो, असं शमसाने लिहून दिलं होतं. हिरवा डाग उमटला तो भारतात, नाशिकपासून नांदेडपर्यंत पसरलेला.

पडताळणी अधिकारी डायेन मर्सिये यांनी यंत्र पुन्हा चालवलं. डाग हलला नाही.

शमसाच्या शेजारी केतकी निमकर बसल्या होत्या. कॅनडात निर्वासितांना सरकार आणतं, तसे सामान्य नागरिकही गट करून आणू शकतात. आणलेल्या माणसाचं घरभाडं, जेवणखाण, थंडीचे कपडे, डॉक्टर, शाळा हे सगळं वर्षभर त्या गटाने पाहायचं. लोर्न हिल या लहानशा गावातल्या पाच मराठी माणसांनी असा गट करून शमसाला आणलं होतं. केतकी त्या गटाच्या प्रमुख होत्या. गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं.

मर्सिये बाई आवाज न चढवता बोलल्या. "मिसेस निमकर, तुमच्या गटातल्या पाचही जणांची जन्मगावं मी पाहिली. पाचही या हिरव्या डागात आहेत."

केतकींना आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्या नात्यातली एखादी मुलगी निर्वासित म्हणून घुसवली, असा संशय होता.

शमसा मात्र नकाशाकडे पाहत नव्हती. तिला एकच विचारायचं होतं. आईच्या आणि लूलूच्या अर्जाचं काय?

आई आणि सहा वर्षांची धाकटी बहीण लूलू अजून छावणीतच होत्या. शमसा निघाली तेव्हा आईचे क्षयाचे उपचार चालू होते, म्हणून तिला परवानगी मिळाली नव्हती. आता आई बरी झाली होती. आलेल्या माणसाला पहिल्या वर्षाच्या आत घरच्यांना बोलावता येतं, त्यानंतर नाही. शमसाचं वर्ष नोव्हेंबरच्या मध्यावर संपणार होतं, आणि हा ऑक्टोबर होता.

मर्सिये बाईंनी सांगितलं की शमसाचंच मूळ खोटं ठरलं, तर तिच्यावर टेकलेला अर्ज आपोआप पडेल. मुदतीच्या आत उलट पुरावा आणता येईल. पुरावा भौतिक हवा, म्हणजे यंत्राला वाचता येईल असा.

*

दंतवाचकाचं नाव वाईट नव्हतं. उलट निर्वासितांच्या बाजूने बोलणारं पहिलं यंत्र म्हणून ते गाजलं होतं.

त्यामागचं विज्ञान जुनं आहे. जमिनीखालच्या खडकात स्ट्राँशियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे हलके आणि जड असे प्रकार असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खडकागणिक बदलतं. दख्खनच्या काळ्या दगडात ते एक असतं, समुद्रातल्या चुनखडीत वेगळं, जुन्या ग्रॅनाइटमध्ये आणखी वेगळं. खडकाची माती होते, मातीतून ते पिकात आणि पाण्यात उतरतं आणि तिथून मुलाच्या पोटात जातं. शरीर त्याला कॅल्शियम समजून दातांत बसवतं. दाताचं बाहेरचं कवच एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. माणूस पुढे कुठेही गेला तरी त्याच्या बालपणीची जमीन त्याच्या तोंडात राहते.

पूर्वी या तपासणीला दात कापावा लागे आणि महिने जात. दंतवाचक भाताच्या कुकरएवढा होता. लेझरने तो कवचाचा डोळ्याला न दिसणारा कण उडवायचा, आणि वीस मिनिटांत नकाशावर डाग यायचा. ज्यांची घरं आणि कागद दोन्ही जळाले होते, अशा हजारो लोकांना या डागाने खरं ठरवलं होतं. शमसा आली तेव्हा हे यंत्र केंद्रात नव्हतं. घरच्यांच्या अर्जासाठी आता ही तपासणी होणार, हे कळल्यावर तिला आनंदच झाला होता. दात काही खोटं बोलणार नाहीत, असं ती केतकींना म्हणाली होती.

मर्सिये बाईंच्या फायलीत दातांखेरीज आणखी एक गोष्ट होती. ती मंडळाने स्वतःच पुरवली होती.

लोर्न हिलच्या महाराष्ट्र मंडळात श्रीरंग बापट सचिव होते. प्रायोजक गटातही ते होते. शमसा आल्यावर दोन महिन्यांनी भोगी आली. बापटांच्या स्वयंपाकघरात शमसा बाजरीची भाकरी थापत होती, आणि बापटांनी तिचं चित्रण करून मंडळाच्या पानावर टाकलं. खाली लिहिलं, 'कोण म्हणेल ही परदेशी? आपल्याच मातीतली पोर!' वर्षभर तिच्याशी सगळे हौसेने मराठीतच बोलले. तिचं इंग्रजी कच्चं राहिलं आणि मराठी पक्कं झालं. केंद्रातल्या पहिल्या मुलाखतीत एका प्रश्नावर अडल्यावर ती पटकन "काकू, हे काय विचारतायत?" असं बोलून गेली होती. तेही नोंदलेलं होतं.

मर्सिये बाईंनी चित्रण लावलं. पडद्यावर शमसाचा हात फिरत होता. भाकरी परातीत गोल वाढत होती, कडेला एकही चीर नव्हती. ते पाहताना केतकींच्या मनात एक शंका आली आणि गेली नाही. भाकरी त्यांनी शमसाला शिकवलेली नव्हती. तिला ती पहिल्याच दिवशी येत होती.

*

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची शेतं होती. मग केतकींनी विचारलं. विचारतानाच त्यांना आपला आवाज परका वाटला.

"शमसा, जालन्याकडे, नांदेडकडे तुझं कोणी आहे का? असेल तर आत्ता सांग. मी रागावणार नाही."

शमसाने खिडकीची काच थोडी खाली केली. गार वारा आत आला.

"काकू, तुम्ही मला कुठून आणलंत ते तुम्हाला माहीत आहे. विमानतळावर तुम्हीच होतात."

"तरी विचारते."

"मग तुम्हाला माहीत नाही," शमसा म्हणाली.

संध्याकाळी पाचही जण हृषीकेश पोतनीसांकडे जमले. पोतनीस पोटॅशच्या खाणीत भूवैज्ञानिक होते. गटातला सगळ्यात बोलका माणूस. शमसाला ते 'शमसाबाई' म्हणत आणि ती त्यांना 'दगडवाले काका'. त्या दिवशी मात्र बैठकीत बापट एकटेच बोलत होते. केंद्राने गटाला एक वाट देऊ केली होती. जो प्रायोजक आता स्वतःहून बाजूला होईल त्याची चौकशी होणार नाही. जो राहील, आणि मुलगी खोटी ठरेल, त्याला पुढे कोणालाही कधीच आणता येणार नाही, शिवाय फसवणुकीचा खटला होईल तो वेगळाच. बापट बाजूला होणार होते. त्यांच्या पुतणीचा कॅनडाचा अर्ज चालू होता.

"बापट, 'आपल्याच मातीतली पोर' हे तुम्हीच लिहिलंत ना?" पोतनीस म्हणाले. "यंत्राने तुमचंच वाक्य छापलंय. रॉयल्टी मागा."

बापट म्हणाले, थट्टा पुरे, यंत्र दोनदा तेच सांगतंय, आणि माणसांपेक्षा आपला दगडावर जास्त विश्वास असल्याचं पोतनीस नेहमी सांगतात.

बापटांचा टोला बरोबर बसला होता. पोतनीसांनी नकाशाची प्रत टेबलावर पसरली आणि बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले. मग शमसाला त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. छावणीत विहीर होती का? नव्हती. पाणी कुठून यायचं? समुद्राचं, यंत्राने गोडं केलेलं. भाजी लावायचात? वाळूत काही उगवत नसे. शेळ्या? शेळ्या होत्या, पण त्यांनाही पोत्यातलंच घालायचे. मासे? वडील होते तोपर्यंत कधीमधी. ते समुद्रात बुडून गेल्यावर नाही.

"मग खायचात काय?"

"पीठ. पिवळं पीठ. सकाळ-संध्याकाळ. आईच्या पोटात होते तेव्हापासून."

"कुठलं पीठ?"

"मदतीचं. जहाजातून यायचं." शमसाने खांदे उडवले. मग सगळ्यांकडे एकदा पाहून ती म्हणाली, "तुमचंच. पोत्यावर बैल असायचा. काका, मी भारत पाहिलेला नाही. फक्त खाल्लाय."

पोतनीस उठून उभे राहिले. हातातला कप कुठे ठेवायचा हे त्यांना सुचेना, म्हणून तो त्यांनी बापटांच्या हातात दिला.

त्यानंतर ते जे बोलले ते फार भराभर होतं, पण मुद्दा साधा होता. दंतवाचकाचा नकाशा एका गृहीतावर उभा होता. माणूस जिथे राहतो तिथलंच खातो आणि तिथलंच पितो, हे ते गृहीत. एरवी बाहेरचं धान्य खाल्लं तरी विहिरीचं पाणी आणि परसातली भाजी आपली खूण दातांत सोडतेच. पण समुद्राचं पाणी गोडं करताना त्यातले क्षार काढून टाकतात. स्ट्राँशियमही त्यातच जातं. म्हणजे शमसाच्या पाण्याने तिच्या दातांत काहीच लिहिलं नाही. जमिनीने लिहिलं नाही, कारण तिथे काही उगवतच नव्हतं. लिहिलं ते फक्त पिठाने. ते पीठ काळ्या जमिनीतल्या ज्वारी, हरभरा आणि सोयाबीनचं होतं.

"यंत्र खरं बोलतंय," पोतनीस म्हणाले. "आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय. आपण विचारतो, ही कुठे वाढली. ते सांगतं, हिला कोणी वाढलं."

केतकींना एक गोष्ट विचारायची होती. मनात एकटीने घेतलेली शंका सगळ्यांसमोर फिटावी, म्हणून त्यांनी ती तिथेच विचारली. "आणि भाकरी?"

शमसा पहिल्यांदा हसली. "काकू, त्या पिठाची पोळी लाटून बघा. तुटते. छावणीत सगळ्या बायका थापतात. पिठानेच शिकवलं."

बापटांनी कप खाली ठेवला. पण ते बाजूला झाले ते झालेच. पुतणीचा अर्ज खोटा नव्हता आणि त्यांची भीतीही. केतकींनी प्रमुख म्हणून राहत असल्याचं त्याच संध्याकाळी केंद्राला कळवलं. फसवणूक सिद्ध झाल्यास जबाबदारी आपली, या ओळीखाली त्यांनी सही केली.

*

पुढचा आठवडा लोर्न हिलच्या मराठी घरांत सणासारखा गेला. पोतनीसांनी जालन्याजवळचा तो कारखाना शोधून काढला. तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं की गेली वीस वर्षं त्या छावणीला पीठ आमच्याकडूनच जातं, आणि एवढ्या लांबून चौकशी कशाची, चव बिघडली का? त्यांनी पिठाचा नमुना पाठवला. पोतनीसांनी खाणीच्या प्रयोगशाळेत तो तपासला. प्रमाण शमसाच्या दाताशी जुळलं.

मर्सिये बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे प्रश्न नेमके होते, आणि पोतनीसांना त्या आवडू लागल्या होत्या. पण पीठ पुरेसं नाही, असं त्या म्हणाल्या. जालन्यात वाढलेली मुलगीही हेच पीठ खाईल. याच छावणीत जन्मल्याबद्दल वाद नाही, अशा दुसऱ्या माणसाचा दात हवा. तोही साक्षीदारासमोर घेतलेला आणि मोहोरबंद. तो दात दख्खन दाखवत असेल, तर नकाशाच बदलावा लागेल.

मग त्या म्हणाल्या, "आणि मिस्टर पोतनीस, तसं झालं तर ही एकच फाईल उघडणार नाही. मदतीच्या धान्यावर वाढलेली मुलं किती आहेत, तुम्ही मोजलंय का?"

पोतनीसांनी मोजलं होतं. त्यांना झोप येत नव्हती ती त्यामुळेच. जगात जिथे जिथे छावणी आहे, गोडं केलेलं पाणी आहे आणि परक्या देशाचं धान्य आहे, तिथे एक पिढी अशी वाढली होती की तिच्या दातांत अन्न देणाऱ्याचा देश होता. कोणाच्या दातांत कॅन्ससचा गहू, कोणाच्या दातांत युक्रेनचा. यातल्या कितींना खोटं ठरवून परत पाठवलं असेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या छावणीतून बाहेर पडलेले लोक वेगवेगळ्या देशांत पांगले होते, आणि मुदतीत त्यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. छावणीतल्या मुलांचे दात तपासायला यंत्र तिथे नव्हतं. जवळचं यंत्र नैरोबीत होतं. पुराव्यासाठी मुलाचा चांगला दात काढायला नियमाने बंदी होती. ती योग्यच होती, असं शमसा म्हणाली. दात आपणहून पडायला हवा.

"लूलूचा हलतोय," ती पुढे म्हणाली.

लूलूच्या जन्माची नोंद छावणीच्या दवाखान्यात होती, परिचारिका आकिन्यी यांच्या हातची. दुधाचे पुढचे दात आईच्या पोटात असतानाच तयार होतात. लूलूची आई त्या दिवसांत पीठच खात होती. हवं ते सगळं एका हलत्या दातात होतं.

त्या दिवसापासून पाच घरांचं लक्ष सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडाकडे लागलं. शमसा सकाळी आईशी बोलायची तेव्हा केतकी दुकान उशिरा उघडायच्या. पडद्यावर लूलू जिभेने दात पुढे ढकलून दाखवायची. पोतनीस विचारायचे, किती अंशांत हलतोय? लूलूला अंश कळायचे नाहीत, पण म्हातारा गमतीशीर वाटायचा. आकिन्यींनी मोहोरेची डबी तयार ठेवली होती. दात अगदी सैल झाला की लूलूने दवाखान्यात येऊन बसायचं, असं ठरलं होतं.

एका बुधवारी आईचा चेहरा पडद्यावर आला आणि शमसाने काही ऐकायच्या आधीच डोळे मिटले. दात पहाटे पडला होता. लूलू तेव्हा मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर होती. तिकडे दुधाचा दात पडला की सूर्याकडे फेकतात आणि त्याच्याकडे चांगला दात मागतात. लूलूने तसंच केलं होतं. सूर्य समुद्रावर होता, म्हणून दात समुद्रात गेला. आई तिच्यावर ओरडली होती आणि लूलू चटईखाली तोंड लपवून पडली होती.

शमसाने आईला ओरडू नकोस म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र ती जिन्यात बसली आणि उठली नाही. केतकी तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"आमच्याकडे घरावर फेकतात," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "मी माझा कौलांवर फेकला होता. दुसऱ्या दिवशी आईने शिडी लावून काढला आणि पुन्हा फेकला, कारण तो पन्हळीत अडकला होता."

"तुम्ही तेव्हा मला विचारलंत," शमसा म्हणाली. "गाडीत."

"हो."

"पुन्हा विचाराल?"

"नाही."

शमसाने मान हलवली. ते पुरेसं होतं की नाही, हे तिने सांगितलं नाही. पण थोड्या वेळाने ती उठली आणि तिने परत फोन लावला. लूलूला चटईखालून बाहेर बोलावून तिने तोंड उघडायला सांगितलं. पडलेल्या दाताच्या शेजारचा दात बोटाने दाबायला सांगितलं. तो किंचित पुढे झुकला.

मग दोघी बहिणींचा सौदा झाला. आई मधे बोलली नाही. दात पडला की तो आकिन्यींच्या डबीत जायचा. यंत्राने आपला कण घेतला की दात लूलूला परत मिळायचा, आणि मग तो ती सूर्याकडे फेकणार. लूलूची अट होती की तोवर सूर्याला निरोप द्यावा, उशीर होतोय म्हणून. शमसाने निरोप द्यायचं कबूल केलं. मर्सिये बाईंना ही अट कळवण्यात आली. नमुना मालकाला परत देण्याची तरतूद आहे, असं त्यांनी त्याच दिवशी लेखी कळवलं.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, दवाखान्याच्या बाकावर ताटलीतलं पिवळं पीठ खाताना लूलूचा दात निघाला. आकिन्यींनी तो तिच्या तळहातावरून चिमट्याने उचलला. दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. डबी औषधांच्या विमानाने नैरोबीकडे निघाली. वाळूच्या वादळाने विमान एक दिवस अडकलं.

*

मुदतीचा दिवस उजाडला तेव्हा लोर्न हिलमध्ये बर्फ पडत होतं. आठ वाजता केतकी, शमसा आणि पोतनीस केंद्रात होते. बापटही आले होते. आत यायचा अधिकार नसल्याने ते बाहेर गाडीत बसून होते.

नैरोबीत तेव्हा संध्याकाळ होती. डबीची मोहोर पडद्यावर सगळ्यांसमोर तोडण्यात आली. तिथल्या तंत्रज्ञाने दात यंत्रात ठेवला आणि झाकण लावलं. मर्सिये बाईंनी सांगितलं की निकाल काहीही आला तरी नमुना मुदतीत पोचल्याची नोंद झाली आहे, आणि निकाल हाती येईपर्यंत आई आणि लूलूचा अर्ज बंद होणार नाही. पोतनीसांनी मधे सांगितलं की मागच्या दोन दिवसांत इतर गावांतल्या सात प्रायोजक गटांचे फोन त्यांना आले आहेत. सगळे एकच विचारत होते, तुमची मुलगी लहानपणी काय खायची?

मर्सिये बाईंनी ती नावं मागून घेतली.

वीस मिनिटांनी पडद्यावर डाग आला नाही. यंत्राने कळवलं की दुधाच्या दाताचं कवच पातळ असल्याने पहिलं वाचन अपुरं आहे, दुसऱ्या जागेवरून कण घ्यावा लागेल. तंत्रज्ञाने दात फिरवून ठेवला. शमसाने केतकींचा हात धरला होता. पोतनीस खुर्चीच्या टोकावर आले होते.

दुसरं वाचन चालू आहे. छावणीतून आईने कळवलंय की लूलूचा तिसरा दात हलू लागला आहे, आणि ती आपणहून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली आहे.